टकटक म्हणजे टॅपेटच?

ऊस हंगाम सुरू झाला की ड्रायव्हरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. थोडक्यात असा: जुन्या ट्रकचं इंजिन टकटक करतंय म्हणजे टॅपेटच (व्हॉल्व्ह ढकलून उघडणारी जोडणी ढिली). गरम झाल्यावर आवाज गेला तर विसरून जा. नाही गेला तर जाड ऑइल भरा, तरीही राहिला तर टॅपेट कसून घ्या, म्हणजे त्यातला गॅप कमी करा. इंजिन बांधायला (पूर्ण खोलून दुरुस्त करायला) काढू नका, मिस्त्री लुटतो.

मिस्त्री लुटतो की नाही यावर मी बोलत नाही, माझं पोट त्यावरच आहे. बाकीचं बघू.

‘टॅपेटच.’ आपल्याकडे अजून पळणारं टाटा ६९७ इंजिन घ्या (६ सिलिंडर, ९७ मिमी बोअर, म्हणून ६९७). त्यात टकटक करणाऱ्या जागा निदान चार: वर रॉकर-टॅपेट (रॉकर म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारी दांडी), बाजूला डिझेल फवारणारं नोझल, धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डची पॅकिंग आणि खाली क्रँकचं बेअरिंग नाहीतर पिस्टन पिन. ताल मोजूनही उलगडत नाही. स्लोला (ॲक्सिलरेटर न दाबता) ६०० आरपीएम धरले तर ढिला व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे सेकंदाला ५ वेळा वाजतो, आणि खराब नोझलही तेवढ्याच वेळा. म्हणून एकेक सिलिंडर कट (डिझेल तोडून बंद) करून बघायचा. स्लोवर नोझलच्या पाइपचा नट थोडा सैल करा. डिझेल गळतं, तो सिलिंडर मरतो. आवाज गेला किंवा बदलला, तर नोझल, पॅकिंग किंवा खालचं काम. जसाच्या तसा राहिला, तर शंका वरच्या बाजूला. हे फक्त जुन्या पंपाच्या गाडीवर. कॉमन रेलच्या (नव्या इलेक्ट्रॉनिक डिझेल गाड्यांच्या) पाइपात शेकडो बार प्रेशर असतं, तिथे नटाला हात लावलात तर डिझेल कातडीत घुसेल.

‘गरम झाल्यावर गेला तर काही नाही.’ मॅनिफोल्डची पॅकिंग फुंकत असेल तर सकाळी टकटक येते, धातू तापून फुगला की बंद होते. पॅकिंग मात्र जळतच राहते. टॉर्च मारून बघा, फुंकते तिथे काजळीचा काळा पट्टा दिसतो. उलट बेअरिंगचा आवाज तापल्यावर वाढतो, कारण ऑइल पातळ होतं.

‘जाड ऑइल भरा.’ हा सल्ला हायड्रॉलिक टॅपेटच्या (ऑइलच्या दाबाने गॅप आपोआप भरणाऱ्या) गाड्यांवरून उचललाय. ६९७ मध्ये टॅपेट भरीव, गॅप स्क्रूने सेट होतो. तो गॅप ऑइलने भरून निघत नाही. वर थंडीच्या पहाटे जाड ऑइल रॉकर शाफ्टपर्यंत उशिरा पोचतं. बेअरिंग गेलेलं असेल तर आवाज थोडा दबतो खरा, पण मग ते कळतं तेव्हा क्रँकला (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला) ओरखडे पडलेले असतात.

‘टॅपेट कसून घ्या.’ मेसेजमधलं सगळ्यात महागडं वाक्य. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटवर (हेडमधल्या बसायच्या कड्यावर) टेकून बाहेर टाकतो. कसून गॅप मारला की तापल्यावर तो पूर्ण टेकतच नाही. मग कड जळते, कॉम्प्रेशन जातं, सकाळी स्टार्टला बॅटरी संपते, आणि शेवटी हेड उतरतं. जरा टिकटिकणारा व्हॉल्व्ह परवडला, मुका झालेला नाही.

गेल्या हंगामात एक गाडी आली, दोनदा टॅपेट ‘सेट’ करून. थंड इंजिनावर मी फिलर (गॅप मोजायची पातळ पट्टी) घातला, माप बरोबर. सुरू केली, टकटक तशीच. शेवटी रॉकर काढून त्याच्या व्हॉल्व्हवर टेकणाऱ्या टोकाखाली बोट फिरवलं तर नखात अडकेल एवढा खड्डा. व्हॉल्व्हचं टोक त्या खड्ड्यात बसायचं आणि फिलरची पट्टी खड्ड्याच्या काठावर आडवी राहायची. पट्टी सांगत होती त्यापेक्षा खरा गॅप बराच जास्त. रॉकर बदलला, आवाज गेला. आवाज बंद करायला आधीच्यांनी पट्टीचं माप सोडून स्क्रू आणखी कसला नव्हता, हे मालकाचं नशीब.

‘इंजिन बांधायला काढू नका.’ एवढं मात्र पटतं. टकटक वरची असेल तर रॉकर कव्हर उघडून काम होतं. पण आवाज खालून, जड येत असेल आणि ऑइल प्रेशरचा काटा खाली पडत असेल, तर गाडी जिथे आहे तिथे बंद करा. उसाची खेप दुसऱ्या गाडीत भरा आणि तिला टोचन लावून आणा.