थंड पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका

सोयाबीनची मळणी सुरू झाली की आमच्या दारव्हा भागात दरवर्षी हेच होतं. गंजी हलवली की बुडाशी मांजरीची पिल्लं निघतात. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, मुठीत मावतील एवढी. यंदा त्यांच्यासोबत एक व्हॉट्सअ‍ॅप संदेशही फिरतो आहे. गावाच्या, बचत गटाच्या आणि शाळेच्या, तिन्ही ग्रुपवर तो मला आला. त्यात सांगितलंय ते थोडक्यात असं: माणसाचा हात लागला की मांजर पिल्लाला परत घेत नाही, म्हणून लगेच घरी आणा. आणल्याबरोबर गाईच्या दुधात निम्मं पाणी घालून ड्रॉपरनं पाजा. बाळासारखं उताणं धरा. अंग थंड लागलं तर उन्हात ठेवा. पिसवा असतील तर आंघोळ घाला. डोळे उघडत नसतील तर ओल्या कापसानं उघडा. आणि शेवटी, एवढं करूनही गेलं तर त्याचं आयुष्यच तेवढं होतं.

पाठवणाऱ्यांच्या मनात दया आहे, यात मला शंका नाही. पण यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट पिल्लाच्या जिवावर उठणारी आहे. मी यातलं बरंचसं स्वतः करून एक पिल्लू गमावलंय, म्हणून लिहिते.

हात लागण्यापासून सुरू करू. "हात नोको लावू वं, माय टाकून देते त्याले," हे माझी आजीही म्हणायची. पण माणसाच्या वासामुळे मांजर पिल्लू टाकत नाही. व्यालेली मांजर कित्येकदा दुसरीचं पिल्लूही अंगाशी घेऊन पाजते. आपल्या पिल्लाला माणसाचा वास आला एवढ्यावरून ती त्याला कशी टाकेल? मळणीयंत्राची घरघर सुरू झाली की ती पळते आणि शेत शांत झालं की, बहुतेक वेळा अंधार पडल्यावर, परत येते. शिवाय ती पिल्लं हलवते तेव्हा मानगुटीला धरून एकेक करून नेते. एकटं सापडलेलं पिल्लू या खेपांच्या मधलं असू शकतं.

म्हणून पिल्लं गरम आहेत, पोटं गोल आहेत आणि ती गप्प पडून आहेत, तर आई नुकतीच पाजून गेलेली असते. कुत्र्याची आणि यंत्राची वाट सोडून, त्याच बांधावर सावलीत टोपल्यात ठेवा आणि लांब व्हा. टोपल्याभोवती कणकेची बारीक रेघ ओढून ठेवली तर काही तासांनी पाऊल उमटलं की नाही ते कळतं. आईचं पहिलं दूध, म्हणजे चीक, पिल्लाला रोगाशी लढायची ताकद देतो, आणि ती ताकद पिल्लाच्या आतड्यातून रक्तात जाते ती जन्मानंतरच्या पहिल्या सोळा-अठरा तासांतच. घाईनं उचलून आणलेलं पिल्लू ते कायमचं गमावतं. अंग गार पडलंय, पोट खपाटीला गेलंय, सारखं ओरडतंय, किंवा आई मेलेली दिसली, तर मात्र थांबू नका.

(तुरीत किंवा जंगलाच्या कडेच्या गवतात सापडलेली पिल्लं रानमांजराची असू शकतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे. ती घरी आणायची नाहीत. जागची न हलवता वनविभागाला 1926 वर कळवा.)

आता माझ्या मते सगळ्यात घातक गोष्ट: "आणल्याबरोबर पाजा." पहिल्या आठवड्यातलं पिल्लू थंडीनं कुडकुडतसुद्धा नाही, त्याच्या शरीराला अजून ते जमतच नाही. स्वतःची ऊब स्वतः राखायला त्याला तीन-चार आठवडे लागतात. तोवर ऊब आईची आणि भावंडांची. त्या आठवड्यात त्याच्या अंगाचं तापमान साधारण 35 ते 37 अंश असतं. त्याखाली उतरत गेलं की आतडी हलणं थांबतं. पोटात गेलेलं दूध तसंच पडून राहतं, उलटून वर येतं आणि फुफ्फुसात जातं. गिळायचं बळही नसतं. म्हणजे पिल्लू भुकेलं दिसतं तेव्हाच दूध त्याला मारू शकतं.

स्वच्छ करंगळी त्याच्या तोंडात हळूच घालून पाहा. आतून गार लागलं तर दूध बाजूला ठेवा आणि ऊब द्या. ऊब सावकाश द्यायची, तास-दोन तास गेले तरी चालतील. पोलक्याच्या आत, आपल्या अंगाला लावून ठेवणं सगळ्यात चांगलं. नाहीतर गरम पाण्याची बाटली लुगड्याच्या दोन घड्यांत गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा. दुसरी बाजू मोकळी, म्हणजे जास्त तापलं तर ते सरकू शकतं. पहिल्या आठवड्यात खोक्यात 30 ते 32 अंश हवेत.

ऊन मात्र नाही, चुलीची कडही नाही. पिल्लाला तिथून उठून जाता येत नाही. आणि आपल्याकडचं ऊन काय असतं ते अकोला-चंद्रपूरच्या माणसाला सांगायला नको. उन्हाळ्यात 45 च्या पुढे पारा जातो, तेव्हा उलट पिल्लाला मातीच्या भिंतीच्या आतल्या खोलीत ठेवावं लागतं. पण कूलरच्या थेट झोतात तेव्हाही नाही.

गाईच्या दुधाबद्दल. मांजरीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असतात. निम्मं पाणी घातलं की आधीच पातळ असलेलं आणखी निम्म्यावर येतं. पिल्लाचं पोट भरल्यासारखं टम्म होतं आणि अंगाला काही लागत नाही. वर त्या दुधातली साखर नीट पचत नाही, हगवण लागते. शंभर ग्रॅमच्या जिवाला चार पातळ हगवणी म्हणजे काय, याचा विचार करा. शेळीचं दूधही याबाबत फार वेगळं नाही. मांजरीच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर नागपूर-अमरावतीला मिळते, ऑनलाइनही येते. ती येईपर्यंतचा एखादा दिवस काढायचा तर पाणी न घालता सायीसकट दूध आणि त्यात अंड्याचा पिवळा बलक, कोमट करून. तेही डॉक्टरांना फोनवर विचारून. पण त्याआधी गावात विचारा, कोणाची मांजर हल्ली व्याली आहे का. ती मिळाली तर पावडरही नको.

एका वेळी किती? वजनाच्या दर शंभर ग्रॅमला साधारण चार मिली, त्याहून जास्त पोटात मावत नाही. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा.

"बाळासारखं उताणं धरून." तीन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आदल्या रात्री, मी नेमकं हेच केलं. पिल्लू गार होतं आणि मला घाई होती. शाईच्या ड्रॉपरनं दूध सोडलं. दोन थेंब गेले, तिसऱ्याला त्याच्या नाकाशी दुधाचा एक बारीक बुडबुडा आला आणि फुटला. मला वाटलं, शिंकलं. पहाटेपर्यंत श्वासाचा खरखर आवाज येत राहिला आणि मग थांबला. मांजरीचं पिल्लू पोटावर पडून, मान किंचित वर करून पितं, आईजवळही तसंच. उताणं धरलं की दूध श्वासनळीत उतरतं. टॉवेलावर पालथं ठेवा आणि सुई काढलेल्या लहान सिरिंजनं किंवा बारीक बाटलीनं थेंब-थेंब द्या. त्यानं चोखलं तरच पुढचा थेंब.

संदेशात एक गोष्ट नाहीच, आणि ती नसल्यामुळेही पिल्लं जातात. पहिले तीन आठवडे पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही. आई चाटते तेव्हाच होते. प्रत्येक पाजणीनंतर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ चिंधीनं शेपटीखाली हळूहळू पुसत राहायचं, शू होईपर्यंत. आपल्याकडे घरचा कापूस असतो म्हणून मी आधी तोच वापरला, पण त्याचे तंतू कातडीला चिकटतात. जुन्या धोतराची चिंधी बरी.

आंघोळ नको. ओलं अंग म्हणजे थंडी. पिसवा असतील तर उवांची बारीक फणी घ्या. गोठ्यातलं गोचिडाचं औषध मात्र चुकूनही लावू नका. त्यातली कित्येक औषधं मांजरीला विषारी असतात. अंग तापलेलं वाटलं म्हणून घरातली पॅरासिटामॉलही देऊ नका, तीही मांजरीला विषच. डोळे सात ते चौदा दिवसांत आपोआप उघडतात, ओढून उघडायचे नाहीत. पापणी फुगली किंवा पू दिसला तर तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

राहिलं आयुष्याचं. आईविना पिल्लं सगळं नीट करूनही जातात, हे मला माहीत आहे. पण "आयुष्यच तेवढं" म्हटलं की कुठे चुकलं हे कोणी शोधत नाही.

मागच्या वर्षी पुन्हा एक पिल्लू आलं. रोज सकाळी किराणा दुकान उघडलं की त्याला स्टीलच्या वाटीत ठेवून काट्यावर तोलायची आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहायची. पिल्लाचं वजन रोज दहा-पंधरा ग्रॅमनं वाढायला हवं. 94, 103, 114. चौथ्या दिवशी पुन्हा 114. दूध तेवढंच जात होतं, शी नीट होती. शेजारची मावशी म्हणाली, "जगलं तं जगलं, तू कायले जीव जाळतं?" त्या रात्री तीन वाजता मी खोक्यात हात घातला. बाटली पार थंडगार होती आणि पिल्लू तिलाच बिलगून पडलं होतं. दहाला भरलेली बाटली कार्तिकातल्या रात्री तीनपर्यंत कशी टिकणार? मग दोन बाटल्या आळीपाळीनं ठेवल्या, एक दहाला, एक एकला, आणि पहिलीच पुन्हा भरून चारला. पाचव्या दिवशी काट्यावर 125 आलं.