बाशिंगाची तपकिरी पानं वाळलेली, पण बिनकामाची नव्हेत

बाशिंग या झाडांवर वाढणाऱ्या नेच्यावरच्या (फर्नवरच्या) लेखाबद्दल तुमचे आक्षेप असे: फोटोतलं बाशिंग निम्मं मेलेलं आहे, ते आंब्यावरचं बांडगूळ आहे, ते फक्त सह्याद्रीत सापडतं, आणि बीजाणूपुंजांचं, म्हणजे पानावरच्या बीजाणूंच्या ठिपक्यांचं, वर्णन चुकलंय.

शेवटचा आक्षेप मान्य. पुंज 'पानाच्या कडेने' असतात असं लेखात होतं, ते चुकलंच. पुंज पानाच्या पाठीवर असतात, लगतच्या दोन आडव्या शिरांच्या मधे दोन ओळींत. बारीक, गोल, वर झाकण नाही. दहापट भिंगातून स्पष्ट दिसतात.

तपकिरी पानांचं मात्र तसं नाही. या नेच्याला दोन तऱ्हेची पानं येतात. हिरवी पानं दांड्याची, मीटरभरही वाढणारी, जवळजवळ मधल्या शिरेपर्यंत चिरलेली. अन्न आणि बीजाणू त्यांच्याकडे. दुसरी घरटी पानं, म्हणजे फोटोतली तपकिरी: बिनदांड्याची, आखूड, खोडाला चिकटून. त्यांच्या कडा ओकच्या पानासारख्या, म्हणूनच शास्त्रीय नावात क्वेर्सिफोलिया, म्हणजे ओकच्या पानांचं. ती कोवळेपणी हिरवी असतात, लवकरच वाळून कागदासारखी होतात आणि गळत नाहीत. वरून पडलेला पालापाचोळा, सालीचा भुगा, धूळ त्यांच्यामागे साठून कुजते आणि नेच्याची मुळं त्यात शिरतात. ही पानं 'साफसफाई' म्हणून ओरबाडली, की नेच्याची कुंडीच गेली. कोरड्या दिवसांत हिरव्या पानांचे खंडही झडतात, नुसत्या काड्या उरतात. पावसाबरोबर नवी पानं फुटतात.

बाशिंग बांडगूळही नाही. बांडगुळाची मुळं फांदीच्या लाकडात घुसतात, जोडावर गाठ येते. बाशिंगाचं खवलेदार, मांसल आडवं खोड सालीवरून सरपटतं. त्याखाली सुरी सरकवली तर सालीचा वरचा मेलेला पापुद्रा तेवढा निघतो, आतली साल शाबूत असते. पावसात भिजलेल्या मोठ्या जुडग्याच्या वजनाने कुजकी फांदी मोडू शकते, एवढाच काय तो धोका.

घरी लावताना हे खोड मातीत पुरू नका, हमखास कुजतं. लाकडाच्या ओंडक्यावर काथ्याने बांधा.

राहिला प्रदेश. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये याला पॉलिपोडियम क्वेर्सिफोलियम म्हटलं. पुढे ते ड्रायनेरिया या वंशात गेलं, आता काहीजण अ‍ॅग्लाओमॉर्फा या वंशात घालतात. कोकण आणि केरळ तर आहेच, पण श्रीलंका, बांगलादेश, म्यानमार, थायलंड, इंडोनेशिया, फिलिपिन्स, न्यू गिनी, उत्तर ऑस्ट्रेलिया, थेट फिजीपर्यंत हे नेचं आहे. तेव्हा 'फक्त सह्याद्रीतलं' हे लेखात घालता येणार नाही.