मिरांडा हक्क वाचले नाहीत, म्हणून आरोपी सुटत नाही

‘अमेरिकेत अटक करताना पोलिसांनी हक्क वाचून दाखवले नाहीत, तर खटलाच रद्द होतो’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. हे हक्क म्हणजे गप्प राहण्याचा आणि वकील मिळण्याचा हक्क; त्यांनाच ‘मिरांडा हक्क’ म्हणतात.

‘मिरांडा विरुद्ध ॲरिझोना’ हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 13 जून 1966 चा, 5 विरुद्ध 4 मतांचा. त्यानुसार या हक्कांची सूचना द्यावी लागते ती दोन गोष्टी एकत्र आल्यावर: माणूस ताब्यात असणे आणि त्याची चौकशी होणे. नुसत्या अटकेला ती लागत नाही; रस्त्यावर थांबवून केलेल्या साध्या विचारपूसलाही सहसा नाही.

सूचना चुकली तर त्या चौकशीतला जबाब सरकारी पक्षाला गुन्हा सिद्ध करायला वापरता येत नाही. साक्षीदार आणि इतर पुरावा शाबूत राहतो. आरोपीने पुढे साक्षीत वेगळंच सांगितलं, तर तो खोटं बोलतोय हे दाखवायला तोच जबाब, स्वेच्छेने दिलेला असल्यास, पुढे करता येतो (हॅरिस खटला, 1971). त्याच जबाबातून सापडलेली वस्तूही 2004 च्या ‘पटाने’ खटल्यातल्या निकालानंतर पुरावा म्हणून चालते. लोकांच्या जिवाला तातडीचा धोका असेल, तर आधी प्रश्न विचारण्याची सवलत 1984 पासून आहे.

ज्याच्या नावाने हा निकाल ओळखला जातो, तो आरोपी अर्नेस्टो मिरांडा तरी कुठे सुटला? 1967 मध्ये पोलिसांपुढच्या कबुलीजबाबाशिवाय पुन्हा खटला चालला आणि तो दोषी ठरला. शिक्षा 20 ते 30 वर्षांची.

आणखी एक, सिनेमात न दिसणारी बाब: गप्प राहण्याचा हक्क वापरायला नुसतं गप्प बसणं पुरत नाही. 2010 च्या थॉम्पकिन्स निकालानुसार ‘मला बोलायचं नाही’ हे स्पष्ट सांगावं लागतं.