म्हणे ड्रायव्हर जितके जास्त तितका इअरफोन भारी!

सध्या एक मेसेज जिकडेतिकडे फिरतोय, "खरा हाय-एंड इअरफोन कसा ओळखाल" म्हणून. मला तो आठवड्याभरात तिघांनी पाठवला, तिसरा माझा मामेभाऊ, आणि त्याला नुकताच नोकरीतला पहिला बोनस मिळालाय, ६५ हजारांचा एक इअरफोन त्याने हेरून ठेवलाय, म्हणजे आता हे नुसतं वाचून सोडून देण्यासारखं राहिलं नाही. मेसेजात पाच खुणा दिल्यात: ड्रायव्हर जितके जास्त तितका आवाज चांगला, बॉक्सवर ४० किलोहर्ट्झ लिहिलेलं पाहिजे, २०० तास बर्न-इन, म्हणजे नवा इअरफोन नुसता वाजवत ठेवणं, केल्याशिवाय मत बनवायचं नाही, केबल चांदीचीच हवी, आणि आवाज मोजून काढलेले ग्राफबिफ सगळं बकवास, कान सांगतो तेच खरं. वर ठसक्यात लिहिलंय की पन्नास हजारांच्या आतलं सगळं खेळणं.

मी काही साउंड इंजिनियर नाही, दहाएक वर्षं या नादात पैसे घालवलेला माणूस आहे. ते पैसे कुठे फुकट गेले एवढं मात्र आता नीट कळतं.

पहिलं, ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे इअरफोनच्या आतला आवाज काढणारा तो चिमुकला भाग. महागड्या इअरफोनात जे बॅलन्स्ड आर्मेचर नावाचे ड्रायव्हर असतात ते मुळात श्रवणयंत्रातून आलेत. एटिमोटिक कंपनीचा ईआर-४ हा १९९१ सालचा, एका कानाला एकच आर्मेचर, आणि त्याची आताची आवृत्ती अजूनही लोक मोजपट्टीसारखी वापरतात. मग जास्त ड्रायव्हर कशाला घालायला लागले? स्टेजवरच्या वादकांसाठी. ड्रमच्या गदारोळात कानात मोठ्ठा आवाज पाहिजे, बेस पाहिजे, आणि तो फाटायला नको, एकट्या आर्मेचरला ते झेपेना, म्हणून काम वाटून दिलं. जेरी हार्वीने ॲलेक्स व्हॅन हेलन या ड्रमरसाठी असे इअरफोन बनवले आणि त्यातूनच १९९५ च्या सुमारास अल्टिमेट इअर्स उभी राहिली. म्हणजे कारण होतं, पण "जास्त म्हणजे चांगलं" हे कारण नव्हतं. काम वाटलं की सांधे येतात, एका ड्रायव्हरचा पट्टा संपून दुसऱ्याचा सुरू होतो तिथे दोघांचा आवाज जुळला नाही तर गायकाचा आवाज मधेच पोकळ लागतो. बनवणारा हुशार असेल तर बारा ड्रायव्हर पण गुण्यागोविंदाने नांदतात, नाहीतर बारभाईचा कारभार.

किंमतीचं म्हणाल तर २०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोन-इअरफोनांच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे कुठला सूर किती मोठ्याने वाजतो त्याचा ग्राफ, आणि किंमत यांचा काही संबंध दिसतो का हा प्रश्न होता. दिसला नाही. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणजेच सगळं असं नव्हे हे कबूल, पण आवाज आवडतो की टोचतो ते सगळ्यात जास्त तिथेच ठरतं. पन्नास हजारांच्या वर पैसे जातात ते बऱ्यापैकी कवचावर, जोडणीच्या कामावर, नावावर. त्यात वाईट काही नाही, पैठणी पण कोणी फक्त अंग झाकायला घेत नाही, पण मग तसं म्हणा ना.

४० किलोहर्ट्झची गंमत अशी की तो आकडा जपानच्या ऑडिओ सोसायटीच्या हाय-रेझ (सीडीपेक्षा वरच्या दर्जाचा आवाज) लोगोच्या अटींमधला आहे. माणसाला ऐकू येतं ते फार तर २० पर्यंत, ते पण पोरवयात. मागे एकदा मोबाइलवर टोन जनरेटर लावून बघत होतो, माझं वय ४३, साडेतेरा हजार हर्ट्झच्या पुढे मला एकदम शांत, मला वाटलं ॲपच बंद पडलं. तेवढ्यात आतल्या खोलीतून अकरा वर्षांची पुतणी कानावर हात ठेवून बाहेर आली, "काका ते काय कर्कश्श लावलंय, बंद करा ना!" स्क्रीनवर बघतो तर १६,८००. आता ४० हजार हर्ट्झवाला इअरफोन घेऊन मी काय करू, वटवाघळांना गाणी ऐकवू? आणि बॉक्सवर "५ हर्ट्झ ते ४० किलोहर्ट्झ" लिहितात पण त्या टोकांना आवाज किती डेसिबलने पडतो ते लिहीत नाहीत, मग त्या आकड्याला अर्थ काय राहिला. सीडी ४४.१ किलोहर्ट्झची, म्हणजे आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा टिपलेला, आणि त्यात त्याच्या निम्म्यापर्यंतचेच सूर मावतात, म्हणून तिच्यात २२ च्या वरचं काही नसतंच. २००७ साली मेयर आणि मोरान यांनी हाय-रेझ रेकॉर्डिंग थेट आणि तेच सीडीच्या दर्जातून गाळून असं लोकांना न सांगता ऐकवलं, कुठलं कुठलं ते ५५४ वेळा विचारलं, बरोबर उत्तरं २७६. छापा-काटा केला असता तरी एवढीच आली असती.

बर्न-इनवर फार वेळ घालवत नाही. २०० तास म्हणजे न थांबता आठ दिवस आठ तास, आणि ऑनलाइन घेतलेला माल परत द्यायची मुदत बऱ्याचदा सात दिवस! हा निव्वळ योगायोग असेल, असू दे. पडदा असलेल्या डायनॅमिक ड्रायव्हरमध्ये सुरुवातीला बारीकसा फरक पडू शकतो, पण आर्मेचरमध्ये सैल होण्यासारखं तेवढं पण फारसं काही नसतं. बदलतो तो आपला कान, चार दिवस आळणी खाल्लं की तेच बरं लागायला लागतं तसं.

केबलचं मात्र थोडं वेगळं आहे, कारण इथे मेसेज चुकीचा असला तरी त्याच्या शेजारी एक खरी गोष्ट पडलेली आहे. चांदी तांब्यापेक्षा वीज वाहून न्यायला साधारण ६ टक्के सरस, बस. सव्वा मीटरच्या वायरीत तेवढ्याने काय होणार. पण ज्यात खूप आर्मेचर आहेत अशा इअरफोनचा विजेला होणारा विरोध सगळ्या सुरांना सारखा नसतो, समजा एके ठिकाणी ८ ओहम आणि दुसरीकडे ४०. आता हा इअरफोन १० ओहम आउटपुट इम्पिडन्स (म्हणजे ॲम्प्लिफायरचा स्वतःचा विरोध) असलेल्या एखाद्या जुन्या ॲम्प्लिफायरला लावला तर हिशोब करून बघा, त्या दोन ठिकाणांमध्ये ५ डेसिबलचा फरक पडतो, म्हणजे बनवणाऱ्याने केलेलं ट्यूनिंग गेलं बाराच्या भावात. तोच १ ओहमच्या डोंगलला (फोनला लावायचा छोटा ॲम्प्लिफायर) लावला तर फरक पाऊण डेसिबलच्या आसपास. म्हणजे पैसे घालायचेच तर चांदीत घालू नका, आधी आपण तो कशात खुपसतोय ते बघा. माझ्या एका मित्राने केबलवर अकरा हजार घातले आणि वापरतो ती जुन्या लॅपटॉपच्या जॅकला. काय बोलणार.

आता शेवटचं, "कान सांगतो तेच खरं." हे वाचून मान डोलावीशी वाटते, आणि अर्धं पटतं पण मला. पण कान भोळा असतो हो. दोन गोष्टींतली एक जराशी मोठ्याने वाजली, एखादा डेसिबल जरी, तरी तो "ही मोठी आहे" असं सांगत नाही, "ही भरीव आहे, ही स्पष्ट आहे" असं सांगतो. त्याच केबलवाल्या मित्राकडे त्याचा सहा ड्रायव्हरचा सत्तर हजारांचा आणि माझा दोन हजारांचा एका ड्रायव्हरचा असे समोरासमोर ठेवले होते. आधी त्याचा लावला, खरंच, पडदा सरकल्यासारखं वाटलं. मग आम्ही सलाईनच्या नळीचा बोटभर तुकडा घेतला, एका टोकाला इअरफोन, दुसरं टोक फोनच्या माइकला चिकटवलं, पिंक नॉइज, म्हणजे सगळे सूर एकत्र असलेला खरखराट, लावून आवाज मोजला. एकदम अचूक पद्धत नाही ही, पण कामापुरती आहे. एकाच व्हॉल्यूमला त्याचा चार डेसिबल मोठा निघाला! व्हॉल्यूम जुळवून परत ऐकलं तर तो पडदा बऱ्यापैकी होता तिथेच. मग राहिला तो खरा फरक: घुंगरू, झांजा त्याच्यात जास्त सुटे-सुटे, आणि बाईचा आवाज माझ्यात जास्त नैसर्गिक, हे त्यानेच सांगितलं, मी नाही. म्हणजे फरक होता, पण ६८ हजारांचा होता का ते त्याचं त्यानेच ठरवावं.

तरी आम्हाला दिसत होतं कुठला कुठला ते, आणि डोळे बांधले तरी कानात बसल्यावर कळतंच. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर छान तोड काढली होती: इअरफोन एकच ठेवायचा आणि इक्वलायझरने त्यालाच वेगवेगळ्या मॉडेलांसारखं वाजवायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला ना नाव दिसत ना किंमत. लोकांना बहुतेक कसा आवाज आवडतो याची जी हार्मन रेषा ग्राफवर दिसते ती अशा कामातून आली. ती म्हणजे काय वेदवाक्य नव्हे, कुणाला बेस जास्त लागतो कुणाला कमी, पण "ग्राफ बकवास" म्हणणाऱ्याने निदान ती कशी काढली ते तरी बघावं. ग्राफवर ३ किलोहर्ट्झजवळ जो उंचवटा असतो ना, तो दोष नाहीये. आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर, मोकळा कान त्या सुरांना आपणच उचलून धरतो, इअरफोनने नळीला बूच लावलं की ते जातं, म्हणून ते इअरफोनला भरून द्यावं लागतं.

आणि ग्राफ कुठे फसतो ते पण सांगतो. ८ किलोहर्ट्झच्या आसपास मोजायच्या यंत्रात स्वतःचाच एक उंचवटा येतो, इअरफोन किती आत खुपसला त्यावर तो सरकतो, आणि माझी नळी तुमची नळी सारखी नसते. तिथून पुढे ग्राफवर भांडण्यात अर्थ नाही, तिथे कानच लागतो. मी त्यासाठी तानपुरा लावतो. जवारी नीट लागलेली असेल तर ती भुणभुण गोल, भरून राहिलेली ऐकू येते, आणि इअरफोनचं टोक त्या जागी टोचत असेल तर पत्र्यावर तार घासल्यासारखी. दहा मिनिटांत डोकं दुखतं. मग तबला. डग्ग्याचा घुमारा गायब आणि नुसती चाट टकटक करत असेल तर आधी टिप, म्हणजे कानात जाणारं रबरी टोक, बदलून बघा, कारण कानाची नळी हवाबंद झाली नाही की सगळ्यात आधी बेस पळतो, थोडाथोडका नाही, दहा-दहा डेसिबल सहज, आणि लोक त्याला "इअरफोनला बेसच नाही" म्हणून शिव्या घालतात.

मामेभावाची तक्रार नेमकी हीच होती, आत्ताच्या इअरफोनला बेस नाही म्हणून नवीन पाहिजे. रविवारी घरी आला तेव्हा मी त्याला एवढंच केलं, दोन्ही कानांत एकच मधल्या साइझची टिप होती, डावीकडची काढून मोठी लावली. तबला लावला. तो काही बोलला नाही, इअरफोन काढला, टिपेकडे बघितलं, परत घातला. दीडशे रुपयांच्या पाकिटातली टिप. ६५ हजारवालं पान अजून त्याच्या मोबाइलवर उघडं आहे म्हणे, पण डाव्या कानात मोठी आणि उजव्यात मधली घालून फिरतोय सध्या.