अजिंठ्याची चित्रं म्हणे सपाट!

चित्रकला शिकणाऱ्यांच्या गटांमध्ये एक मजकूर सारखा फिरतोय. त्याचा गोषवारा असा: चित्रात खोली, म्हणजे आत दूरवर जागा असल्याचा भास, येते ती पर्स्पेक्टिव्हमुळे, म्हणजे दूर जाणाऱ्या रेषा एका बिंदूकडे नेऊन वस्तू लहान करत जाण्याच्या रीतीमुळे. तो पंधराव्या शतकात इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये सापडला. त्याआधीची चित्रं, अजिंठ्याचीसुद्धा, सपाट. शेवटी विद्यार्थ्यांसाठी कानमंत्र: निळा रंग मागे जातो, तांबडा पुढे येतो.

फ्लॉरेन्सचं श्रेय खरंच आहे. वास्तुकार ब्रुनेलेस्कीने प्रयोग केला, विद्वान अल्बेर्तीने १४३५ मध्ये ती रीत लिहून काढली. तिथलाच चित्रकार मासाच्चो याच्या ‘ट्रिनिटी’ या भित्तिचित्रात आखणीसाठी गिलाव्यावर ओढलेल्या रेषा आजही दिसतात. पण त्यांना सापडलं ते माप. कुठली वस्तू किती अंतरावर किती लहान काढायची, याचा हिशेब त्यांनी बसवला. खोली त्यांच्या कितीतरी आधीपासून चित्रांत होती.

रोमजवळच्या प्रिमा पोर्ता इथल्या लिव्हियाच्या (रोमन सम्राट ऑगस्टसच्या बायकोच्या) वाड्यातलं बागेचं चित्र सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. पुढच्या झाडांची पानं सुटी मोजता येतील इतकी स्पष्ट, मागची झाडी निळसर आणि पुसट. एका बिंदूकडे धावणाऱ्या रेषांचा त्यात आधार नाही, तरी नजर आत शिरते. चीनमध्ये चित्रकार ग्वो शीने १०७२ मध्ये डोंगरांच्या मध्ये धुकं सोडून हेच साधलं.

आता अजिंठा. मला सगळ्यात खटकलं ते हेच. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातल्या पद्मपाणीचा, म्हणजे हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाचा, चेहरा नीट बघा. नाकाच्या कडेला छटा गडद होत जाते, दांड्यावर उजळ रंग ठेवलाय, त्यामुळे नाक भिंतीतून वर उचलल्यासारखं दिसतं. उजेड एका बाजूने येत नाही, अंगाची सावली कुठे पडत नाही. गोलाई मात्र पुरेपूर आहे. या छटाकामाला आपल्याकडे ‘वर्तना’ म्हणतात. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात, म्हणजे चित्रकलेवरच्या भागात, तिचे तीन प्रकार दिलेत, त्यातला ठिपक्यांनी छटा चढवायचा तो ‘बिंदुज’. देह वळला की कुठला अवयव आखडतो, कुठला मोठा दिसतो, याला तिथे ‘क्षयवृद्धी’ असं नावही आहे. ज्यांनी हा विचार शब्दांत मांडून ठेवला, त्यांना खोली कळत नव्हती असं कसं म्हणायचं? त्यांना दालनाचं मोजमाप नको होतं, देहाचा भरीवपणा हवा होता.

राहिला निळ्या-तांबड्याचा कानमंत्र. पावसाळ्यात सह्याद्रीच्या रांगा एकामागे एक निळ्या होत जातात, कारण मधली हवा उजेड विखुरते आणि तो विखुरलेला निळसर उजेड गडद डोंगरावर चढतो. सोबत आणखी दोन गोष्टी घडतात: उजेड-अंधारातला फरक कमी होतो आणि कडा मऊ होतात. नुसता निळा लावून हे होत नाही. डच चित्रकार फर्मिअरच्या ‘मिल्कमेड’ (दूध ओतणारी बाई) या चित्रामध्ये बाईचा एप्रन गर्द निळा आहे आणि मागची भिंत उबदार पांढरी. एप्रन मागे जातो का? मुळीच नाही, कारण तो भिंतीला झाकतो आणि त्याची कड धारदार आहे.

विद्यार्थ्यांना सांगायचंच असेल तर हे सांगा: निसर्गचित्र आधी एकाच रंगात, काळ्या-पांढऱ्याच्या चार-पाच छटांत करून बघा. तिथे डोंगर मागे गेले नाहीत, तर वरून कितीही निळा ओतला तरी ते जाणार नाहीत.