मनगटाच्या झटक्याने स्मॅश होत नाही

‘कोचशिवाय 21 दिवसांत स्मॅश’ नावाचा एक संदेश सध्या सगळीकडे फिरतोय. स्मॅश म्हणजे डोक्यावरून जोरात खाली मारलेला फटका. आमच्या सोसायटीच्या बॅडमिंटन ग्रुपवर तो तीनदा येऊन गेला. माझ्या चौदा वर्षांच्या पुतणीने त्यातला पहिला व्यायाम सुरूही केला, म्हणून आता लिहायलाच हवं.

संदेशात पाच गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. स्मॅशची सगळी ताकद मनगटात असते, म्हणून रॅकेटला अर्ध्या लिटरची भरलेली बाटली बांधून रोज 300 वेळा मनगट पुढे-मागे झटका. कोर्टवर टाच कधीच टेकवू नका. प्रत्येक फटक्यानंतर बरोबर मध्यावर परता. गटिंग, म्हणजे रॅकेटच्या तारांचा ताण, 30 पौंडांचं करून घ्या. आणि रोज तासभर भिंतीवर खेळा, कोचची गरज नाही.

पहिला सल्ला सगळ्यात घातक आहे. आजची बहुतेक रॅकेट 80 ते 90 ग्रॅमची असते. अर्धा लिटर पाणी म्हणजे तिच्या जवळपास सहापट वजन, तेही मुठीपासून लांब टांगलेलं. मनगट मागे ओढणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटलेले असतात आणि टेनिस एल्बो हे कोपराचं दुखणं नेमकं तिथेच होतं. वाढत्या वयाच्या मुलीला रोज 300 झटके द्यायला सांगणं हा बेजबाबदारपणा आहे. शिवाय बाटलीच्या वजनाने हात संथ फिरतो आणि सवयही संथ फटक्याचीच लागते.

मुळात स्मॅशची ताकद मनगटातून येतच नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या बार्बरा गोविट्झके आणि डेव्हिड वॉडेल यांनी 1970 च्या दशकातच अव्वल खेळाडूंचे फटके वेगवान कॅमेऱ्याने टिपून तपासले. डोक्यावरच्या फटक्याचा वेग दंड आणि कोपराखालचा हात स्वतःभोवती फिरण्यातून येतो, मनगटाच्या झटक्यातून नाही, हे त्यांनी दाखवलं. इतकी वर्षं झाली, तरी ‘मनगट मार, मनगट मार’ हे ओरडणं काही थांबत नाही.

पटत नसेल तर घरीच करून बघा. कोपर अंगाशी धरून काटकोनात वाकवा आणि रॅकेटचं टोक छताकडे ठेवा. आता कुलपात किल्ली फिरवतो तसा फक्त कोपराखालचा हात फिरवा. रॅकेटचं डोकं जवळपास अर्धं वर्तुळ कापतं. मग रॅकेट हाताच्या सरळ रेषेत आणून तसाच हात फिरवा. आता ती जागच्या जागी गिरकी घेते, वेग शून्य. म्हणजे हात आणि रॅकेट यांच्यात कोन हवा. तो कोन टिकवणं हे मनगटाचं खरं काम. मनगट अजिबात हलत नाही असं मी म्हणत नाही. मनगटाच्या सल्ल्यात सत्याचा अंश असलाच तर एवढाच.

मग शिकाऊ खेळाडू मनगटच का झटकतात? पकडीमुळे. स्वतः शिकणारे बहुतेक जण रॅकेट तव्याची दांडी धरावी तशी धरतात, तारांची बाजू, म्हणजे रॅकेटचा चेहरा, समोर सपाट ठेवून. या पकडीत हात फिरवला की रॅकेटचा चेहरा बाजूला वळतो आणि शटल भलतीकडे जातं. शरीर ते लगेच ओळखतं, हात फिरवणं सोडून देतं, मग उरतं फक्त मनगट. म्हणून आधी पकड बदला. रॅकेटची कड जमिनीकडे करून तिच्या मुठीशी हस्तांदोलन करा. अंगठा आणि तर्जनीमधला इंग्रजी व्ही मुठीच्या अरुंद कडेवर यायला हवा. तळहात आणि मूठ यांच्यात करंगळी जाईल एवढी फट ठेवा. बोटं आवळायची ती शटल लागताना, त्याआधी नाही.

सरावाला एक जुनं शटल दोरीने टांगा, हात पूर्ण वर केल्यावर रॅकेटच्या मध्यावर आणि डोक्याच्या किंचित पुढे येईल असं. वीस-वीस फटक्यांचे तीन संच पुरेत. फोन मागे ठेवून स्लो मोशनमध्ये रेकॉर्ड करा. रॅकेट वर जाताना शटलकडे तिची कड दिसायला हवी आणि लागताना चेहरा सपाट व्हायला हवा. आधीपासूनच चेहरा समोर असेल, तर पकड परत तव्यावर गेली आहे. पहिले दोन आठवडे टॉस, म्हणजे समोरच्याच्या मागच्या रेषेपर्यंत उंच मारायचे फटके, आखूड पडतील आणि शटल फ्रेमला लागेल. घाबरून जुन्या पकडीकडे वळू नका.

टाचेचं. प्रतिस्पर्धी शटल मारतो त्या क्षणी घ्यायची छोटी उडी पंजांवरच उतरते, तेवढ्यापुरतं खरं. पण जाळीकडे लांब पाऊल टाकताना टाच आधी टेकते, मग तळवा. बोटं जायच्या दिशेला, गुडघा बोटांच्या रेषेत, आत वळलेला नको. पंजावर उतरलात तर थांबवायचा सगळा भार गुडघ्यावर आणि पोटरीवर येतो, आणि पार्किंगच्या सिमेंटवर खेळणाऱ्यांना तो जास्तच जाणवतो. मागचा पाय आतल्या कडेवर घसटत यायला हवा. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या डाव्या बुटाची पुढची आतली कड झिजली असेल, तर पाऊल बरोबर पडतंय.

मध्यावर परतण्याचा नियम अर्धा खरा आहे. जाळीला चिकटून ड्रिबल, म्हणजे शटल जेमतेम पलीकडे पडेल असा हलका फटका, टाकल्यावर मागे धावलात तर उलट आलेलं ड्रिबल गेलंच. तिथे पाऊलभरच मागे या. खालून उचलून शटल मागे पाठवणारी उंच लिफ्ट दिल्यावर मात्र मध्याच्याही किंचित मागे हवं. आणि तुम्ही पोचायच्या आत समोरच्याने मारलं, तर असाल तिथेच थांबून उडी घ्या. धावत्या पायांना दिशा बदलता येत नाही.

भिंत चांगलीच आहे. ड्राइव्ह (सपाट, वेगवान फटके), बचाव आणि पकड पटकन बदलणं तिच्यावर छान होतं. टॉस आणि पायांची हालचाल तिच्यावर होत नाही, एवढंच.

राहिलं गटिंग. 30 पौंडांवर तारा कडक होतात, शटलला उसळी कमी मिळते आणि बरोबर लागण्याची जागा आक्रसते. रोज मध्यावर मारणाऱ्या व्यावसायिक खेळाडूला त्यातून नियंत्रण मिळतं. शिकणाऱ्याने 20 ते 24 मध्ये राहावं. रॅकेटवर कमाल पौंड छापलेले असतात, ते वाचा. त्याच्या वर ताणलेली फ्रेम एका चुकीच्या फटक्यात तडकू शकते. पुतणीच्या रॅकेटवर 26 छापलंय. बाटली मी सोडवली आहे आणि उद्यापासून गच्चीच्या हुकाला शटल टांगणार आहोत.