माझा दम मागच्या फ्लाइटने येतोय

ट्रिपला जायच्या आधी मी आमच्या बोट रेसिंगच्या कोचला छातीठोकपणे सांगितलं होतं, नऊ दिवसांचाच तर प्रश्न आहे सर, तेवढीच बॉडीला रेस्ट, ताजीतवानी होऊन येते बघा. आता ही रेस्ट कशी, तर दोन रात्री विमानात गुडघे हनुवटीला लावून, एक रात्र एअरपोर्टच्या लोखंडी खुर्चीवर (त्या खुर्च्यांना मधेमधे हँडल लावायची आयडिया ज्याची असेल त्याला मला एकदा भेटायचंय), आणि उरलेले दिवस "जवळच आहे गं, चालत जाऊ" म्हणणाऱ्या लोकांसोबत. बॅगेचं एक चाक पहिल्याच दिवशी निखळलं त्यामुळे ती मी नऊ दिवस उजव्या खांद्याला अडकवून फिरले. आणि बोटीत मी बसते उजवीकडे.

बोट म्हणजे ड्रॅगन बोट. दोन-दोनच्या १० ओळी, म्हणजे वल्हवणारे २०, मागे सुकाणू धरणारा एक आणि पुढे ड्रमर. ड्रमरचं तोंड आपल्याकडे असतं हे नीट लक्षात घ्या, बाकी खेळांत कोणाच्या तरी मागे लपता येतं, इथे एक बाई तुमच्याकडे टक लावून ढोल बडवत असते.

परत आल्याच्या तिसऱ्या दिवशी साडेपाचचा अलार्म झाला, माझ्या आतल्या घड्याळात तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. रेसला तीनच आठवडे उरलेले. गेले प्रॅक्टिसला.

"पॅडल्स अप!" सगळ्यांची वल्ही वर. माझंही गेलं, पण खांद्याशी थोडी बोलणी करून. खरं तर वल्हं हातांनी मारायचंच नसतं, कमरेतून वळून लांब पुढे जायचं, पातं पूर्ण बुडलं की मगच ओढायचं, मांडीपाशी आलं की बाहेर, ताकद सगळी पाठीची आणि पोटाची, हात नुसते धरायला. हे मी नव्या मुलींना स्वतः शिकवते हो. पण त्या दिवशी कंबर जी विमानाच्या सीटच्या आकारात सेट झाली होती ती वळेचना, मग सगळा भार हातांवर, आणि हात तिसाव्या स्ट्रोकला संपले. वीस पाती एकदम पाण्यात पडली तर बोट उचलल्यासारखी पळते. आमची एकोणीस पडत होती आणि मग, सगळ्यांचं हसून झाल्यावर एखाद्याला जोक कळतो ना, तसं माझं. मागच्या बाईची अंघोळ झाली ती वेगळीच.

पहिल्याच पीसनंतर, म्हणजे एका दमात मारायच्या ५०० मीटरनंतर, घड्याळात हार्ट रेट १७८. एरवी एवढ्या स्पीडला १६० च्या वर जात नाही. कोच म्हणाले, गॅप पडला की पहिल्या काही दिवसांतच रक्तातला पातळ भाग कमी होतो, मग तेवढ्याच कामाला हार्टला जास्त ठोके मारावे लागतात. वा! लोक मेहनत करून रक्त आटवतात, माझं फिरायला जाऊन आटलं. ते काही दिवसांत भरून येतं म्हणे, पण हे सांगताना ते "पुढचा पीस दोन मिनिटांनी" असंही सांगत होते त्यामुळे दिलासा काही मिळाला नाही.

आणि हात! तळहाताला घट्टे पडायला मला अख्खा सीझन लागला होता, हॉटेलातल्या गरम पाण्यात मी ते मऊ करून आले. तिसऱ्या पीसला अंगठ्याखाली एक टम्म फोड आला, चौथ्याला तो फुटला आणि वर पाणी. फळीवर घासून आणखी कुठे काय झालं ते लिहीत नाही, एवढंच सांगते की हे मी उभ्याने टाइप करतेय.

काठाला लागल्यावर ड्रमर एकदम गोड आवाजात म्हणाली, "अगं, ट्रिपचे फोटो टाक ना ग्रुपवर, बघू तरी कुठे कुठे फिरलीस." टाकले. चाळीस फोटो, डोंगर, समुद्र, म्युझियम, आणि प्रत्येकात ती बॅग उजव्या खांद्यावर. बाकीच्यांनी बदाम टाकले. कोचनी फक्त एक ओळ टाकली, उद्यापासून डावीकडे बस.

डावीकडून मी आयुष्यात फक्त एकदा वल्हवलंय, तेव्हा वल्हं पाण्यात सुटलं होतं.